आधी बाळाची सीट घ्या, मग गाडी

माझा मावसभाऊ बेळगावच्या उद्यमबागेत एका मशीन शॉपमध्ये सुपरवायझर आहे. मुलगी पाच महिन्यांची झाली आणि त्याचा रोज रात्री एक फोन ठरून गेला. "दादा, गाडी घ्यायलोय, खरं कुठली घेऊ तेच कळंना. मला जरा पळणारी पायजे, हिला डिकी मोठी पायजे, आणि आई म्हणते, आहे ती गाडी काय वाईट आहे?"

असा फोन सध्या आपल्या भागात बऱ्याच घरांतून कुणा ना कुणाला जात असणार. २२ सप्टेंबर २०२५ पासून छोट्या गाड्यांवरचा जीएसटी उतरला आणि टिळकवाडीपासून निपाणीपर्यंत अनेकांचा पुढे ढकललेला विचार पुन्हा वर आला. शोरूममध्ये गेलं की मात्र पीएस, एनएम, आयसोफिक्स, एनकॅप, डीसीटी अशी नुसती अक्षरं कानावर पडतात. नव्या आईबापांची झोप आधीच उडालेली असते, त्यात हे.

माझं मत सुरुवातीलाच सांगतो. स्पोर्टी गाडी आणि घरगुती गाडी यांचं भांडण आहे असं आपण धरून चालतो, ते बरंचसं खोटं आहे. खरी स्पोर्टी गाडी म्हणजे वेळेवर थांबणारी, वळणावर न झुकणारी आणि ओव्हरटेक करताना मागे न पडणारी. हे गुण तान्ह्या बाळाच्याच कामाचे आहेत. काळं छप्पर, लाल शिवण आणि मोठी चाकं यांतून हे काही मिळत नाही, उलट घरच्यांना त्यांचा थोडा त्रासच होतो. आणि निवड सुरू करायची ती इंजिनापासून नाही, बाळाच्या सीटपासून.

पॉवर आणि टॉर्क: पाना आणि भट्टी

ज्याने एकदा गंजलेला नट सोडवलाय त्याला टॉर्क वेगळा समजावावा लागत नाही. पाना धरून आपण जो पीळ देतो तो टॉर्क. तो न्यूटन-मीटरमध्ये, म्हणजे एनएममध्ये मोजतात. तोच पीळ कायम ठेवून पाना किती भरभर फिरवता येतो, ती पॉवर. ती पीएसमध्ये सांगतात. चिखलात रुतलेली बैलगाडी बाहेर निघते ती पिळाच्या जोरावर, मोकळ्या माळावरची शर्यत जिंकली जाते ती पॉवरवर. चार माणसं, बाळ आणि भरलेली डिकी घेऊन घाट चढायचा तर पहिल्या गोष्टीचं काम जास्त.

आता टर्बो. आपल्याकडच्या फाउंड्रीत भट्टीला ब्लोअर लावतात, तो बंद केला तर तेवढ्याच कोळशात लोखंड वितळत नाही. टर्बो म्हणजे इंजिनाचा ब्लोअर. धुराच्या दाबावर एक छोटा पंखा फिरतो आणि इंजिनात जादा हवा कोंबतो, त्यामुळे लहान इंजिन मोठ्यासारखं काम करतं. स्विफ्टच्या साध्या १.२ लिटर इंजिनाचा टॉर्क सुमारे ११२ एनएम आहे आणि तो पूर्ण मिळतो मिनिटाला ४३०० फेऱ्यांना. स्कोडा कायलॅकचं टर्बो इंजिन त्याहून लहान, फक्त १ लिटरचं, पण टॉर्क १७८ एनएम, आणि तो १७५० फेऱ्यांपासूनच हाताशी असतो. म्हणजे इंजिन ओरडायला न लावता गाडी पुढे सरकते. मागे झोपलेलं बाळ झोपलेलंच राहतं, हा फायदा माहितीपत्रकात छापलेला नसतो.

टर्बोला एक खोड आहे. पंखा वेगात यायला क्षणभर लागतो, त्यामुळे पाय दाबल्यावर गाडी किंचित थबकते आणि मग झेपावते. चेन्नम्मा सर्कलच्या गर्दीत हे आधी विचित्र वाटतं. आठवड्याभरात पायाला अंदाज येतो.

ओव्हरटेकचे सेकंद

शून्य ते शंभर किती सेकंदांत, हा आकडा सगळे विचारतात. आपल्या रस्त्यांवर तो जवळजवळ निरुपयोगी आहे. आपल्याला लागतो तो ४० ते ८० चा पल्ला.

निपाणी-चिकोडी रस्ता डोळ्यांपुढे आणा. दुपदरी, समोरून वाहनं, आणि पुढे ४० च्या वेगाने चाललेला एक ट्रक. त्याच्या मागचं अंतर, त्याची लांबी आणि पुढे शिरायला लागणारी सुरक्षित जागा धरली तर तुम्हाला त्याच्यापेक्षा सुमारे ४० मीटर जास्त कापायचे आहेत. गाडीने सरासरी ६० चा वेग धरला तर सव्वासात सेकंद लागतात. भरलेली, दमलेली गाडी सरासरी ५५ च गाठू शकली तर साडेनऊ सेकंद. समोरून ६० ने कुणी येत असेल तर पहिल्या वेळी तुम्हाला २४० मीटर मोकळा रस्ता लागतो, दुसऱ्या वेळी तीनशेच्या वर. पाच किलोमीटरच्या फरकाने ६५ मीटर रस्ता जास्त लागला, आणि तेवढा वेळ तुमचं अख्खं कुटुंब चुकीच्या बाजूला होतं.

म्हणून टॉर्कसाठी चार पैसे जास्त मोजायला माझी ना नाही. पण हे ओव्हरटेक टाळणाऱ्यासाठी आहे, शोधणाऱ्यासाठी नाही. जोर आहे म्हणून वळणावर बाहेर काढणाऱ्याने साधंच इंजिन घ्यावं.

आणि जोराच्याही आधी ब्रेक. ऊसतोड सुरू झाली की दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर रस्त्यावर उतरतात. बऱ्याच ट्रॉल्यांना मागे दिवा नसतो, ऊस दोन्ही बाजूंनी बाहेर आलेला असतो, आणि शेतातून वर येताना चाकांचा चिखल डांबरावर पसरतो. या चिखलावर ब्रेक दाबला तर गाडी तिरकी होऊ शकते. तिथे कामाला येतं ते ईएससी. कुठलं चाक घसरतंय हे गाडी स्वतः ओळखते, त्यातल्या नेमक्या एका चाकाला ब्रेक लावते आणि गाडी सरळ करते. कंपनीप्रमाणे त्याला ईएसपी किंवा आणखी काही म्हणतात. नाव काहीही असो, ते नसलेली गाडी बाळासाठी घेऊ नका. सहा एअरबॅग आणि मागच्या सगळ्या सीटना तीन बिंदूंचे पट्टेही बघून घ्या.

टायरवरचे आकडे

टायरच्या बाजूला २०५/५० आर१७ असं काही लिहिलेलं असतं. पहिला आकडा रुंदी, मिलिमीटरमध्ये. दुसरा आकडा टक्के: टायरच्या भिंतीची उंची रुंदीच्या किती टक्के आहे. शेवटचा रिमचा व्यास, इंचांत. २०५ चे ५० टक्के म्हणजे भिंत १०२ मिलिमीटर. शेजारी १८५/६५ आर१५ ठेवलं तर भिंत १२० मिलिमीटर. हे १८ मिलिमीटर रबर आणि हवा म्हणजे तुमच्या बाळाच्या पाठीखालची गादी. जांबोटीहून कणकुंबीकडे पावसाळ्यानंतर जाऊन आलात की तिची किंमत कळते.

मोठं रिम दिसायला छान आणि वळणावर थोडं घट्टही. पण खड्ड्यात रिमला पोक येतो आणि बाळाचं डोकं दर धक्क्याला हलतं. एकाच गाडीच्या दोन प्रकारांत फक्त रिमचा फरक असेल तर लहान रिम घ्या. शोरूममधून बाहेर पडून दुकानात मोठं रिम बसवून घेणं तर नकोच.

सस्पेन्शन कडक हवं की मऊ, याचं उत्तर मात्र सरळ नाही. फार मऊ गाडी वळणावर होडीसारखी झुकते, आणि चोर्ला घाटात मागच्यांना उलट्या होतात त्या बऱ्याचदा या झुकण्याने. फार कडक गाडी वडगावच्या गल्लीत हाडं मोजते. मधली गाडी ओळखायची एक साधी खूण आहे: गतिरोधकावरून गेल्यावर गाडी एकदाच खाली-वर होऊन शांत झाली पाहिजे. दोन-तीन वेळा डुचमळली तर मऊ, दाणकन आपटली तर कडक.

मांडी का पुरत नाही

इथे मला जरा थांबायचं आहे, कारण हे माझ्या घरात घडलंय.

माझा मुलगा आठ महिन्यांचा होता. कोल्हापूरहून रात्री परत येत होतो. बायको मागच्या सीटवर, तिच्या मांडीवर तो झोपलेला. संकेश्वरच्या अलीकडे अचानक उजेडात उसाची ट्रॉली आली, बिनदिव्याची. मी ब्रेक दाबला, गाडी थांबली, टक्कर झाली नाही. मागून आवाजही आला नाही, आणि त्या शांततेनेच मी वळून पाहिलं. बायकोचे हात तसेच मिठीच्या आकारात होते आणि मूल पुढच्या सीटच्या पाठीमागे, पायांजवळच्या जागेत पडलेलं. दोन सेकंदांनी त्याने टाहो फोडला. कपाळाला टेंगूळ आलं, बाकी काही नाही. बायकोने त्याला घट्ट धरलं होतं, हे ती आजही सांगते, आणि ते खरं आहे. तिची चूक नव्हती. हातांत तेवढी ताकद कुणाच्याच नसते.

हिशेब असा. गाडी ५० च्या वेगात असताना आदळली तर साधारण एक दशांश सेकंदात थांबते. त्या क्षणी आतल्या प्रत्येक वस्तूवर तिच्या वजनाच्या चौदा पट जोर येतो. आठ किलोचं बाळ म्हणजे त्या क्षणापुरतं ११० किलोचं पोतं. क्विंटलभराचं पोतं उडत असताना ते हातांनी थोपवायचं, असं आपण आईकडून अपेक्षितो. दुसऱ्या बाजूने पाहा: ५० च्या वेगाने आदळणं हे सुमारे दहा मीटरवरून, म्हणजे तीन मजली इमारतीच्या गच्चीवरून पडण्याएवढं आहे.

स्वतःचा पट्टा बाळासकट बांधणं तर आणखी वाईट. पट्टा आणि आपलं शरीर यांच्यामध्ये बाळ चिरडतं.

मावशीचं यावर म्हणणं होतं, "आमची चार पोरं मांडीवरच वाढली की रे!" मी तिला सांगितलं, "मावशी, तेव्हा आपण खानापूरहून एसटीने तीसच्या वेगाने यायचो. आता हायवेला शंभरने जातात." ती थोडा वेळ गप्प बसली आणि मग तिनेच विचारलं, "मग त्या सीटमध्ये तिचा जीव गुदमरत नाही ना?" हा प्रश्न चांगला आहे, त्याकडे येतोच.

कायदाही आता या बाजूने आहे. मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीने आलेल्या कलम १९४-ब नुसार १४ वर्षांखालचं मूल पट्ट्याने किंवा चाइल्ड सीटमध्ये बांधलेलं नसेल तर १,००० रुपये दंड आहे. चौकात तो कुणी मागत नाही, ही गोष्ट वेगळी.

तोंड मागे का

ज्वारीचं भरलेलं कणीस कोवळ्या ताटावर कसं असतं, वाऱ्याच्या झोताला सगळं ओझं देठावर येतं. तान्ह्या बाळाचं तसंच आहे. जन्माच्या वेळी डोकं शरीराच्या लांबीच्या जवळजवळ पाव भाग असतं आणि मान अजून कच्ची. तोंड पुढे करून बसवलं तर टक्कर होताच धड पट्ट्यात अडकतं, डोकं पुढे झेपावतं आणि सगळा ताण मानेवर. तोंड मागे केलं की तोच जोर सीटच्या पाठीवर पसरतो: डोकं, मान, पाठ एकदम, जसं पडतं अंडं आपण बोटांवर न झेलता अख्ख्या तळव्यात झेलतो.

म्हणून नव्या युरोपीय मानकाप्रमाणे निदान १५ महिन्यांपर्यंत बाळ मागे तोंड करूनच बसतं. त्यानंतरही सीटमध्ये मावतंय तोवर तसंच ठेवा. पाय दुमडतात म्हणून घाई करू नका, लहान मुलांना पाय दुमडून बसायची सवयच असते.

अशी सीट पुढे, एअरबॅगसमोर कधीही ठेवू नये. एअरबॅग फुगते ती नेमकी सीटच्या पाठीवर, म्हणजे बाळाच्या डोक्यामागे आदळते. पुढच्या सनव्हायझरवर लाल चित्र असतं ते याचंच.

आता मावशीचा प्रश्न. सीटचा कल नीट असेल तर बाळाची हनुवटी छातीवर पडत नाही आणि श्वास मोकळा राहतो. बहुतेक सीटवर कल दाखवणारी खूण असते. लांबच्या प्रवासात दर दीड-दोन तासांनी थांबून बाळाला बाहेर काढा, अगदी तान्हं असेल तर त्याहून लवकर. सीट ही प्रवासासाठी आहे, घरी झोपवून ठेवण्यासाठी नाही.

आणि दुपटं! आपल्याकडे बाळ बाहेर काढायचं म्हणजे टोपडं, स्वेटर आणि वरून दुपट्याची घट्ट गुंडाळी. या गुंडाळीवर पट्टे आवळले तर ते आवळल्यासारखे फक्त दिसतात. टक्करीत कापूस दबतो आणि पट्टा सैल होतो. पातळ कपड्यांवर पट्टे बांधा, खांद्याजवळ पट्ट्याची चिमूट धरता येता कामा नये, आणि मग वरून दुपटं पांघरा. ही एकच गोष्ट या लेखातून कुणी उचलली तरी मला बरं वाटेल.

आयसोफिक्स, बोटाने तपासा

आयसोफिक्स म्हणजे गाडीच्या सांगाड्यालाच जोडलेल्या लोखंडाच्या दोन कड्या. मागच्या सीटची बैठक आणि पाठ जिथे मिळतात त्या फटीत, एकमेकींपासून २८ सेंटिमीटरवर. चाइल्ड सीटचे दोन हात त्यांत टच्चकन बसतात. सीट उलटू नये म्हणून तिसरा आधार लागतो: वरून मागे जाणारा पट्टा किंवा खाली जमिनीला टेकणारा पाय. पट्ट्याने बांधायच्या सीटही चांगल्या असतात, पण त्या चुकीच्या बांधल्या जायचा धोका बराच जास्त.

मावसभावाला मी आधी सीट घ्यायला लावली आणि ती सोबत घेऊन आम्ही शोरूम फिरलो. एका ठिकाणी "आयसोफिक्स आहे ना सर, सगळ्यांत आहे" असं उत्तर मिळालं. मी फटीत बोटं घातली तर कडी इतकी आत होती की सीटचे हात पोचेनात, दहा मिनिटं खटपट करून घाम फुटला. दुसऱ्या गाडीत प्लॅस्टिकचं झाकण काढलं, कड्या समोर दिसल्या, सीट ढकलली, दोन टच्च आवाज आले आणि दोन्ही बाजूंच्या लाल खुणा हिरव्या झाल्या. आता हे काम पावसात, कडेवर बाळ आणि खांद्यावर पिशवी घेऊन करायचं आहे अशी कल्पना करा.

तिथेच आणखी एक गोष्ट कळली. मागे तोंड केलेली सीट लांबीला बरीच जागा खाते. तिच्यासमोरची पुढची सीट पुढे सरकवावी लागते, आणि मग तिथे बसणाऱ्याचे गुडघे डॅशबोर्डला लागतात. एका गाडीत मावसभाऊ, उंची पाच फूट दहा इंच, पुढे बसूच शकेना. कागदावर ती गाडी ऐसपैस होती.

मागचा दरवाजा किती उघडतो तेही पाहा. जवळजवळ काटकोनात उघडला तर बाळ कंबर न मोडता आत ठेवता येतं. बाळंतपणानंतरची आईची पाठ हा विचार आपल्या घरांत कुणी करत नाही, तो करायला हवा. सीट थोडी उंच असली तर तिला वाकावं कमी लागतं, या एका मुद्द्यावर उंच गाडी सरस ठरते.

तारे मोजताना दुसरा आकडा वाचा

भारत एनकॅप ही आपल्या देशातली टक्कर-चाचणी, १ ऑक्टोबर २०२३ पासून सुरू झालेली. गाडी ६४ च्या वेगाने पुढून अर्धवट आदळवतात, बाजूने ५० च्या वेगाने धडक देतात आणि खांबावरही आपटतात. जाहिरातीत पाच तारे दिसतात, पण गुण दोन वेगळे असतात: मोठ्यांसाठी ३२ पैकी आणि मुलांसाठी ४९ पैकी. मुलांच्या चाचणीत दीड वर्षाचा आणि तीन वर्षांचा असे दोन पुतळे बसवतात. पाच ताऱ्यांना मुलांचे किमान ४१ गुण लागतात. कायलॅकला ४५ आहेत, नेक्सॉनला ४३.८३, महिंद्रा एक्सयूव्ही ३एक्सओला ४३. हे गुण चाइल्ड सीट बसवलेल्या गाडीचे आहेत. मांडीवरच्या मुलाला गाडीचे तारे लागू होत नाहीत.

डिकीचे लिटर

स्विफ्ट २६५, आय-२० ३११, नेक्सॉन ३८२, कायलॅक ४४६, फोक्सवॅगनची व्हर्टस सेडान ५२१. हे आकडे खरे आहेत, पण पाणी भरायचं नाही, घडीची बाबागाडी ठेवायची आहे. सेडानची डिकी खोल असते, तोंड मात्र लहान. बाबागाडी असेल तर तीही शोरूममध्ये न्या आणि ठेवून बघा. खानापूरकडून येताना तांदळाचं पोतं चढवायचं असेल तर डिकीचा उंबरठा किती उंच आहे ते हाताने मोजा. सीएनजीचा विचार करत असाल तर टाकीने किती जागा खाल्लीय ते उघडून पाहा. आणि मागच्या काचेखालच्या फळीवर दुधाची बाटली, छत्री, काहीही मोकळं ठेवू नका. वर केलेला चौदा पटींचा हिशेब त्यांनाही लागतो.

गिअरबॉक्स आणि बाळाची झोप

ऑटोमॅटिक चार जातींचे. एएमटी म्हणजे साधाच गिअरबॉक्स, क्लच दाबायला मशीन ठेवलंय. स्वस्त, पण गिअर बदलताना मान डुलते, आणि पहिल्या रेल्वे गेटच्या गर्दीत ती सारखी डुलते. सीव्हीटी म्हणजे ठरावीक पायऱ्याच नसलेला, गुळगुळीत, जोरात दाबलं की इंजिन एकाच सुरात ओरडतं. डीसीटी म्हणजे दोन क्लचचा, झटपट, स्पोर्टी लोकांच्या आवडीचा, पण इंच-इंच सरकणाऱ्या गर्दीत तापतो. टॉर्क कन्व्हर्टर, ज्यात क्लचचं काम तेल करतं, जुना आणि भरवशाचा, पेट्रोल थोडं जास्त पितो. घरात तान्हं बाळ असताना माझं मत शेवटच्याला. चालवण्याची हौस असेल तर मॅन्युअलही उत्तमच.

केए की एमएच

आता पैशांचं. चार मीटरपेक्षा कमी लांबी आणि पेट्रोल इंजिन १२०० सीसीपर्यंत (डिझेल १५०० पर्यंत) असेल तर जीएसटी १८ टक्के, पूर्वी असल्या पेट्रोल गाडीवर उपकरासकट २९ होता. त्याहून मोठ्या गाडीला ४० टक्के. १ लिटरची टर्बो कायलॅक किंवा १.२ ची नेक्सॉन १८ मध्ये बसते, व्हर्टस आणि स्कोडाची स्लाव्हिया ४० मध्ये. इलेक्ट्रिकला ५ टक्केच.

त्यानंतर रोड टॅक्स, आणि इथे सीमाभागाचं दुखणं. कर्नाटकाचा आजीवन कर देशातल्या चढ्या करांपैकी एक. ५ ते १० लाखांच्या गाडीला १४ टक्के, १० ते २० लाखांच्या गाडीला १७ टक्के, आणि या करावर पुन्हा उपकर. महाराष्ट्रात पेट्रोल गाडीला १० लाखांपर्यंत ११ आणि पुढे २० लाखांपर्यंत १२ टक्के. अकरा लाखांच्या गाडीला उपकर सोडून इकडे १,८७,०००, तिकडे १,३२,०००. पंचावन्न हजारांचा फरक, आणि हद्द कोगनोळीला.

म्हणून "कोल्हापूरच्या मामाच्या पत्त्यावर एमएच पासिंग करून घे" हा सल्ला प्रत्येक घरात मिळतो. मी तो देणार नाही. गाडी जिथे आपण राहतो, जिथे ती ठेवली जाते, तिथेच नोंदवायची असा कायदा आहे, आणि दुसऱ्या राज्यात १२ महिन्यांपेक्षा जास्त ठेवली तर कलम ४७ प्रमाणे नवा नंबर घ्यावा लागतो. म्हणजे कर पुन्हा इकडे भरणं आलंच. कोल्हापुरातच नोकरी आणि घर असेल तर गोष्ट वेगळी. घरात कुणी सैन्यात असेल तर बीएच मालिकेचा, म्हणजे देशभर चालणारा नंबर मिळू शकतो, त्यात दोन-दोन वर्षांचा कर भरता येतो. मराठा लाइट इन्फंट्रीच्या गावात हे बऱ्याच जणांच्या उपयोगाचं आहे.

यातली खरी बचत वेगळीच आहे. कर संपूर्ण किमतीवर लागतो, फक्त वरच्या भागावर नाही. ९ लाख ९० हजारांच्या गाडीला १,३८,६०० रुपये कर, १० लाख १० हजारांच्या गाडीला १,७१,७००. गाडी वीस हजारांनी महाग झाली आणि कर तेहतीस हजारांनी. सनरूफ आणि मोठ्या रिमपायी दहा लाखांचा उंबरठा ओलांडत असाल तर एक पायरी खालचा प्रकार घ्या. तेवढ्यात चांगल्यातली चाइल्ड सीट येते.

"त्यापेक्षा सात सीटरच घेऊ की"

हा आग्रह बहुधा सासरे किंवा मोठे काका करतात. लग्नाकार्याला सगळे एकत्र जातील म्हणून. पण तिसरी रांग उघडली की बऱ्याच गाड्यांत डिकी उरत नाही, आणि वर्षातल्या चार प्रवासांसाठी उरलेले ३६१ दिवस ते धूड बोगारवेसच्या गल्ल्यांतून फिरवावं लागतं. घरात रोज सहा माणसं हिंडत असतील तर घ्या, नाहीतर त्या चार दिवसांना भाड्याची गाडी बरी.

उंच गाडी आपोआप सुरक्षित असते, हाही एक समज. उंची वाढली की गुरुत्वमध्य वर जातो आणि वळणावर झुकणं वाढतं. खड्ड्यांसाठी १८० मिलिमीटरच्या आसपास ग्राउंड क्लिअरन्स, म्हणजे गाडीच्या पोटाखालची मोकळी उंची, आपल्याला पुरतो. कायलॅकचा १८९ आहे, व्हर्टससारख्या सेडानचाही १७९.

माझी निवड

दहा लाखांच्या आत-बाहेर, एक बाळ, चालवायची हौस: कायलॅक माझ्या यादीत पहिली, डिकी आणि मुलांचे गुण या दोन कारणांसाठी. रस्ता फारच खराब असेल, रोज नंदगड-हलशीकडच्या गावांत जाणं असेल, तर २०८ मिलिमीटर क्लिअरन्सची नेक्सॉन. ओव्हरटेकचा जोर सगळ्यांत आधी हवा असेल तर ३एक्सओ, तिचं साधं टर्बो इंजिनसुद्धा २०० एनएम देतं. आय-२० एन लाइन चालवायला मजेची आहे, पण सस्पेन्शन कडक आणि डिकी लहान, दुसऱ्या गाडीची सोय असेल तरच. ऐपत असेल आणि ४० टक्के जीएसटी टोचत नसेल, तर १५० पीएसची व्हर्टस किंवा स्लाव्हिया. पाच तारे आणि मोठी डिकी असूनही चालवताना हसू येईल अशा या गाड्या आहेत, फक्त आईला सीटवरून उठताना थोडं जड जाईल.

मावसभावाने टेस्ट ड्राइव्ह शोरूमच्या ठरलेल्या दोन किलोमीटरांवर घेतली नाही. आधी सांगून, बायको, आई आणि सीटमध्ये बांधलेली छकुली असे सगळे घेऊन तो जांबोटी रस्त्याला लागला. मी मागे, मावशीच्या शेजारी. पिरनवाडीच्या पुढे त्याने एक लाकडांचा ट्रक ओलांडला, इंजिनाचा आवाज फारसा वाढला नाही. परतताना पोरगी झोपली होती, आणि मावशीचा हात पूर्णवेळ सीटच्या कडेवर होता. उतरताना ती सुनेला म्हणाली, "हीच घ्या. खरं ते दुपटं वरनं घाला गं, आत नको."